पाच अंशांची खोली

१२ मार्च, बुधवार
खोली आज पुरी झाली. आवडीबायने उंबऱ्यावर सारवणाचा शेवटचा हात फिरवला, पदराला बोटं पुसली आणि म्हणाली, "वाळवी लागली नाय तर तुमच्यामाज्यापेक्षा जास्त टिकंल." त्यात काय मोठंसं, असं मनात आलं. मला शहात्तरावं चालू आहे, तिला तिचं वय माहीत नाही.

दहा बाय बारा. शाळेच्या मागे, चिंचेच्या सावलीबाहेर, मुद्दाम उन्हात. "सावलीत पेपर सोपा जाईल, गुरुजी," असं वैशाली म्हणाली. कारवीचे दुहेरी कूड, दोन कुडांच्या मध्ये गिरणीतला भाताचा तूस ठासून भरलेला, आतून-बाहेरून शेणमाती. वर कौलं. पश्चिमेला उंचावर झरोका, पूर्वेला खाली दोन बुटक्या खिडक्या.

वैशाली माझ्या शेवटच्या चौथीतली. आता आर्किटेक्ट, शहापूरला ऑफिस. गावाला मंजूर झालेल्या विरंगुळा केंद्राचा नकाशा तिचा. पोरांना कबड्डी-कॅरम, बायांना भजन-भोंडला, आम्हा म्हाताऱ्यांना पत्ते आणि पेपर. भर वैशाखातही दुपारी पंखा लागू नये असा हॉल. ही खोली म्हणजे त्या हॉलचं पिल्लू. हे जगलं तर हॉल होणार.

१५ मार्च, शनिवार
समाजमंदिरात बैठक. सकाळी अकरालाच पत्रा तापून कटकट वाजायला लागला. याच पत्र्याने दोन पावसाळ्यांमागे माझ्या सत्काराचं भाषण केलं होतं. पाऊस पडत होता, माझे ओठ हलत होते, लोक टाळ्या वाजवत होते.

सरपंच बाळाराम, हाही माझाच विद्यार्थी, पण फार जुना. म्हणाला, "गुरुजी, शेणामातीचं बांधायचं म्हंजे आमी पुढं चाललो का मागं? स्लॅब टाकू, दोन एसी लावू, विषय खलास."
वैशाली : "लाइट दुपारी किती वेळ असते, सरपंच?"
सगळे छताकडे बघायला लागले. पंखा बंदच होता.

शेवटी ठरलं ते असं. दोन तापमापक. एक समाजमंदिरात, एक खोलीत. रोज दुपारी दोनला दोन्हींची नोंद. १ मेच्या ग्रामसभेत वही वाचायची. खोली पाच अंश गार निघाली तर वैशालीचा नकाशा, नाहीतर स्लॅब.
"पाचच का रे?" मी विचारलं.
"एका हाताच्या बोटांवर दाखवता येतात. लोकांना समजंल. चार नाय चालनार, आधीच सांगतो."

वही कोणाकडे? सगळ्यांच्या माना माझ्याकडे. बाळाराम म्हणाला, "गुरुजी खोटं लिहिनार नाय." छाती थोडी फुगली, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन रकाने आखले. स. म्हणजे समाजमंदिर. खो. म्हणजे खोली. लाल शाई अजून आहे घरात!

२० मार्च, गुरुवार
स. ३८. खो. ३५. तीन.
वैशालीचा नियम : सकाळी नऊला दार-खिडक्या बंद करायच्या, संध्याकाळी सहाला उघडायच्या. रात्रीची गार हवा आत कोंडून दुपारपर्यंत पुरवायची. तिच्या हिशोबाने सहा अंशांचा फरक पडायला हवा. मी नऊला सगळं लावून घरी येतो, दोनला परत जातो.

आज नोंद झाल्यावर तिथेच टेकलो. ओल्या मातीचा, शेणाचा, कारवीचा वास. जुनी शाळा! हातभर जाड भिंती, कौलं, आणि पश्चिमेच्या खिडकीतून माहुलीचे सुळके. त्या खिडकीजवळ उभा राहून बत्तीस वर्षं मी चौथीला विहिरीची कविता शिकवली. पहिलं कडवं पोहऱ्याचं. दुसरं पायऱ्यांचं, एकेक पायरी उतरावी तसं ऊन वरच राहतं आणि पायांना गारवा भेटतो, असं काहीसं. तिसरं…
तिसरं आठवेना. घरी येऊन कपाट उपसलं. पुस्तक नाही. सौ. म्हणाली, "काय शोधताय?" "कडवं." "कपाटात?"

३० मार्च, रविवार. पाडवा
आवडीबायने खोलीवर कारवीच्या काठीची बोटभर गुढी उभारली. बाळाराम हसला, पण कडुलिंबाचं पान चावून गेला.
स. ३९. खो. ३६. पुन्हा तीनच. वैशालीने बोट फिरवत वही पुन्हा पहिल्यापासून तपासली. "हिशोब सहा सांगतो, गुरुजी. उरलेले तीन गेले कुठे?"
"सणाला माहेरी गेले असतील."
हसली नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
स. ४०. खो. ३७. तीन.
दोनला पोचलो तर दामू आत पत्ते पिसत बसलेला. दामू म्हणजे माझा लंगोटीयार, मुरबाड आगारातून निवृत्त झालेला एसटीचा ड्रायव्हर. माझ्यासाठी दार सताड उघडं ठेवलं होतं त्याने. माया आहे.
दोन डाव हरलो. खोलीत गार आहे, यात शंका नाही. अंगाला कळतं. तापमापकाला का कळत नाही?

९ एप्रिल, बुधवार
फार ऊन. कावळाही बोलत नव्हता. वीज साडेअकराला गेली.
काल बाळाराम शहापूरहून एसीचं पत्रक घेऊन आला होता. गुळगुळीत कागद, निळं चित्र, चित्रात बर्फ. चावडीवर हातोहात फिरलं. कोणी बोटाला थुंकी लावूनसुद्धा उलटलं नाही, इतक्या आदराने.
स. ४१.
खो. ३८. चष्मा पुसला. ३८. चष्मा काढून बघितलं. ३८.
वहीत ३५ लिहिलं.
इथे ३८ लिहितो. दोनांतली एक तरी वही खरी असावी.
हात थरथरला नाही, याचंच वाईट वाटतं आहे.

१२ एप्रिल, शनिवार
वैशाली स्कूटरवरून आली, हेल्मेट न काढताच वही उघडली. "गुरुजी! नऊ तारखेला सहा! माझ्या हिशोबात आहेत तेवढेच, नेमके सहा!"
खोटं लिहिताना माझ्या हातून नेमका तिचाच आकडा उतरला होता.
"काय वेगळं झालं त्या दिवशी? आठवा ना."
"वारा होता," मी म्हणालो.
"कुठून?"
"उत्तरेकडून."
लिहून घेतलं तिने. मान खाली घालून, चौथीत लिहायची तसं, जीभ दातांत धरून. मग म्हणाली, "म्हणजे मीच चुकले. उत्तरेची भिंत मी बंद ठेवली. तिकडे खिडकी हवी होती." आणि इतकी खूश! स्वतःची चूक सापडल्यावर असा आनंद होणारी पोर हजारात एक. तिने न केलेली चूक.

१५ एप्रिल, मंगळवार
स. ४१. खो. ३८. तीन. (खरे.)
सौ. ने विचारलं, "आमटीत मीठ नाय का?"
"आहे की."
"मग तोंड असं का केलंय?"
मग तीच म्हणाली, "तुमी वहीत काय लिहिताव ते मी बगत नाय. पण हल्ली वही मिटली की तिच्यावर हात ठेवून बसता. पोथीवर ठेवावा तसा."
वैशालीचा फोन. तीन दिवस बसून सगळा हॉल नव्याने काढला आहे, तोंड उत्तरेला फिरवून. शनिवारी खोलीच्या उत्तर भिंतीत खिडकी पाडून बघायची. "तुमच्यामुळे सापडलं, गुरुजी."
मोहाची फुलं संपली. या वर्षी वेचायलाही गेलो नाही.

१९ एप्रिल, शनिवार
लिहायलाच हवं.
सकाळी सातला सगळे उत्तर भिंतीपाशी. वैशालीने खडूने चौकोन काढला. आवडीबाय कोयती घेऊन, पण तोंड फुगवून. "मीच लिंपली नी मीच फोडू? बरं हाय. उद्या सांगाल, पोराचं कान काप."
पहिला घाव. माती पडली. दुसरा घाव, कारवी तुटली आणि आतला तूस भुरुभुरु बाहेर यायला लागला. पिवळाधमक, उन्हात चमकणारा. भिंतीच्या अंगातून काही वाहतंय असं वाटलं.
"थांबा," मी म्हणालो.
आवडीबायची कोयती वरच.
"वैशू, नऊ तारखेचं मी खोटं लिहिलं."
तिने हातातला खडू खाली ठेवला. मग, "किती होतं?"
"अडतीस."
"आणि वारा?"
"वारा नव्हताच."
चिंचेच्या मुळीवर जाऊन बसली. मी उभाच. शाळेत मुलं उभी राहायची तसा, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. आवडीबाय एकदा माझ्याकडे, एकदा भोकाकडे. शेवटी भोकात मूठभर तूस परत कोंबायला लागली.

मग वैशाली म्हणाली, "चौथीत हवामानाचा तक्ता होता भिंतीवर. रोज आभाळ बघून लिहायचं. मी एका दिवसात आठवडाभराचं 'निरभ्र' लिहून टाकलं होतं. आठवतं?"
आठवत नव्हतं.
"तुम्ही मारलं नाहीत. तीन दिवस मधल्या सुट्टीत मैदानात उभं केलंत. म्हणालात, आधी वर बघ, मग लिही. तिसऱ्या दिवशी ढग आला."
"असेल."
"तीन दिवस, गुरुजी. उद्यापासून तुमचे. तापमान नको मला. नऊ ते चार या खोलीला काय काय होतं, तेवढंच बघून लिहा." स्कूटर चालू केली. परत बंद केली. "उभं नका राहू. सावलीत खुर्ची घ्या. आणि पाणी."
आवडीबायला म्हणालो, भोक बुजवून टाक. म्हणाली, "नाय बुजवनार. ऱ्हाऊ दे. गुरुजींची खिडकी."
तिने आतला कूडही कापला, कडा लिंपल्या. वीतभर, आरपार.
घरी येऊन जेवलो. पोटभर. सौ. ने वाटीत आमटी दोनदा घातली.

२० एप्रिल, रविवार
चिंचेखाली खुर्ची. शिक्षा, पण हवेशीर.
९.०० दार, खिडक्या लावल्या.
९.३५ दामू. दार उघडलं, आत डोकावला, पत्ते आणायला घरी गेला. दार उघडं. मी उठून लावलं.
१०.१० सगुणा शेळ्या घेऊन. (हीही माझी विद्यार्थिनी, आता आजी झाली.) उघडलं. "कोन हाय का गो आत?" कोणी नव्हतं. तशीच गेली. मी उठून लावलं.
१०.४० गावाच्या नळाला पाणी सोडणारा. उघडलं. बघितलं. गेला.
१०.५५ दोन पोरी, अंगणवाडीतल्या. दोघींनी मिळून ढकलून उघडलं.
११.३० गावची नसलेली बाई, लग्नाचं आवतण घेऊन आलेली. तिनेही!
यानंतर मी उठलो नाही. नुसतं बघत बसलो. डांबरी रस्त्यावरून झळ उठते, मैदान ओलांडते, आणि उघड्या दारातून सरळ आत जाते. पाहुण्यासारखी. रात्रभर कोंडलेला गारवा बारा वाजायच्या आत संपतो.
महिनाभर दोनला येऊन उघडं दार बघत होतो. मला वाटायचं, दामूची माया.

२१ एप्रिल, सोमवार
सकाळी दारावर खडूने लिहिलं : बंद ठेवावे.
नऊ वीसला दामूने दार उघडलं आणि तिथूनच मला ओरडून विचारलं, "आत काय हाय रे, बंद ठेवायला?"
आज प्रत्येकाला विचारलं, का उघडलंस.
दामू : "दिवसाउजेडी दार लागलेलं दिसलं. मला वाटलं, तू आत पडलायस का काय."
पाणी सोडणारा : "उगाच. बंद होतं म्हनून."
सगुणा शेळ्या सोडून बाजूला टेकली. म्हणाली, "गुरुजी, आमच्या पाड्यावर दिवसा दार कवा लागतं? बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं तवा. दिवाळी झाली का एकेक दार लागत जातं. मग होळीपातूर बगायचं नाय तिकडं. हे तर गावाचं दार. ते लागलेलं बगवत नाय. हात आपसुक जातो."
मी वर्गाचा विचार करत बसलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना निम्मी नावं नुसतीच हवेत जायची. मग मी पाड्यावर जायचो, लागलेल्या दारांवरून चालत. कधी एखादं ढकलूनही बघितलं आहे. आत चूल, एक फुटकं मडकं. मीसुद्धा ते दार परत लावलं नव्हतं.

२२ एप्रिल, मंगळवार
शिक्षेचा शेवटचा दिवस. वैशाली बाराला आली. मी तिला तीन पानं वाचून दाखवली. सगुणाचं बोलणं दोनदा वाचायला लावलं. मग हसायला लागली, ती थांबेना. "भिंतीचा हिशोब केला, कौलाचा केला, तुसाचा केला. दाराचा केलाच नाही. कॉलेजात सगळे दार बंद धरूनच गणित करतात."
"आपोआप बंद होणारी स्प्रिंग बसवू," मी सुचवलं.
आवडीबाय तंबाखू मळत होती. "बसवा. पहिल्याच दिवशी दगड लावून अडवतील."
"मग?"
"दार लावूच नका. दाराला आडोसा द्या." तिचं माहेर डोळखांबकडचं, डोंगराच्या माथ्यावर, वारा आणि ऊन दोन्ही सरळ अंगावर. तिथे दारासमोर दोन हातांवर कुडाची उभी भिंत घालतात, एका बाजूने बंद, वर पाला. दुसऱ्या बाजूच्या फटीतून शिरायचं, मग वळून दारात. दार दिवसभर उघडं. "ऊन आंधळं, ते सरळ चालतं. झळपन तशीच. मानूस वळून येतो."
वैशालीने हे शब्द माझ्या वहीतच लिहिले, मागच्या पानावर. खाली आवडीबायचं नाव.
"नाव कशाला?" आवडीबाय म्हणाली.
"नकाशावर घालायचंय."
"मग मोठं घाल."

२३ एप्रिल, बुधवार
उरलेल्या कारवीचा आडोसा एका दिवसात उभा. ऐनाचा पाला वर. दामूने दोन काठ्या धरल्या आणि दिवसभर सांगत फिरला, मी बांधला.
खिडक्या बंदच ठेवायच्या. त्या कोणी उघडत नाही. लोकांचं वैर फक्त दाराशी.

२५ एप्रिल, शुक्रवार
काल स. ४१, खो. ३७. चार.
आज स. ४२. खो. ३७. पाच! पुन्हा बघितलं. दामूला दाखवलं, पाणी सोडणाऱ्याला दाखवलं. यापुढे प्रत्येक नोंदीला दोन साक्षीदार घेणार. माझा माझ्यावर विश्वास आहे, पण.

२७ एप्रिल, रविवार
स. ४१. खो. ३७. चार. कालही चार, पण आज आत तेरा माणसं होती! मोजली. चार बाया तांदूळ निवडत, पोरं कॅरमवर, दामू घोरत. तेरा माणसांची ऊब कुठे जाणार? कोणाला बाहेर जा म्हणू?
भोकातून, म्हणजे माझ्या खिडकीतून, उजेडाचा एक कवडसा जमिनीवर येतो. पोरांनी सोंगटी त्यावर ठेवायचा खेळ काढला आहे.
दामू आणि पोरं सोडली तर सगळे माझेच विद्यार्थी, म्हणून विचारलं, विहिरीच्या कवितेचं तिसरं कडवं कोणाला येतं? पहिलं सगळ्यांना पाठ. दुसरंही बहुतेकांना. तिसरं कोणालाच नाही.
सगुणाने सुपातून मान वर केली. "तुमी शिकवलंच नाय कदी."
"असं कसं?"
"दुसरं म्हनून झालं का तुमी खिडकीतनं डोंगराकडं बगत ऱ्हायचाव. मग घंटा व्हायची. आमी तुमाला उठवत नव्हतो, गुरुजी. बरं वाटायचं."
बत्तीस वर्षं! सगळे हसले, मीही. साहेबांना कळलं असतं तर पगारवाढ गेली असती.

३० एप्रिल, बुधवार
२८ ला चार. काल पाच. आज चार. (स. ४२, खो. ३८. साक्षीदार दामू आणि आवडीबाय.)
उद्या ग्रामसभा. वही दोरा घालून नीट शिवली. एकही पान गळता कामा नये, विशेषतः ते.

१ मे, गुरुवार
झेंडा झाला, मग समाजमंदिरात सभा. पत्रा वाजत होता. बाया दाराशी, पदराने वारा घेत.
वही वाचली. पहिल्यापासून. नऊ एप्रिलचं पान आलं. वाचलं : "समाजमंदिर ४१. खोली, लिहिलेलं ३५, खरं ३८. हे मी खोटं लिहिलं होतं." मागे कोणीतरी "आं?" केलं.
बाळाराम उठला. "गुरुजी, सहाचा पाढा बगून लिवला म्हनून तुमी मला अख्ख्या शाळेसमोर कान धरून उभा केलावता. आता तुमी काय करनार?"
"धरतो," मी म्हणालो आणि दोन्ही कान धरले.
सभा फुटली हसून. दामू तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. हसताना मला दिसलं, वैशाली हसत नव्हती. डोळे पुसत होती. मग तीही हसली.
पुढचं वाचलं. आडोशाआधी तीन, तीन, तीन. आडोशानंतर चार, पाच, चार, चार, चार, पाच, चार.
बाळाराम : "पाच म्हंजे पाच ठरलंवतं."
सगुणा दारातून : "तुज्या स्लॅबात लाइट गेल्यावर किती ऱ्हातील, सरपंच? ते लिवलंय का कुटं?"
गलका. कोणी म्हणालं, मातीच. कोणी म्हणालं, पोरांची लग्नं लावायची हायेत, पाव्हने काय म्हनतील. वैशालीने नवा नकाशा भिंतीला लावला, हॉलला आडोशाचं मोठं तोंड, कोपऱ्यात "आडोसा : आवडीबाय". आवडीबायला वाचता येत नाही, तिने बोटाने ती जागा दाखवायला लावली आणि तिथे बोट ठेवूनच उभी राहिली.
उत्तर भिंतीत एक छोटं वर्तुळ होतं. हे काय, मी हळूच विचारलं. "गुरुजींची खिडकी. पोरांना खेळायला."
निर्णय? झाला नाही. पावसाळ्यात भिंत टिकते का बघू, वही चालू ठेवा, पंधरा ऑगस्टच्या सभेत परत बोलू. सरपंच म्हणाला, "वही गुरुजींकडंच." कोणी नको म्हणालं नाही.
हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं. कोणी नको म्हणालं नाही.

४ मे, रविवार
दुपारी दोन. समाजमंदिरात कोणी नाही. स. ४२.
आडोशातून वळून खोलीत शिरलो. आत सहा जण. कोपऱ्यात, तोंडावर गमछा, पायातल्या चपला डोक्याशी, सरपंच बाळाराम गाढ झोपलेला. पोटावर कवडसा, श्वासाबरोबर वर-खाली. शेजारी एसीचं पत्रक, त्याने वारा घेता घेता डोळा लागलेला दिसला.
दामूने ओठावर बोट ठेवलं.
तापमापकाजवळ गेलो. साक्षीदार दामू आणि सगुणा. ३८.
चार.
सहा माणसांची ऊब. दोघांना जरी बाहेर काढलं असतं आणि थोडा वेळ थांबलो असतो, तर पारा कदाचित उतरला असता. सगुणाने माझ्याकडे बघितलं, मग सरपंचाकडे. "उठवू का?" असं नुसत्या भुवयांनी.
मी नको म्हणून मान हलवली. वहीत लिहिलं : स. ४२. खो. ३८. आत सहाजण, पैकी एक झोपलेला.
मग भिंतीला टेकून बसलो. झरोक्यातून माहुली दिसत नाही, नुसतं आभाळ. तेच बघत होतो, किती वेळ कोण जाणे. कोणी उठवलं नाही.